दीड फुटाचा वारसा वड

साहेब, तुम्ही माझा वड मारून राहिलात. याच्यापेक्षा सभ्य शब्द मला सापडला नाही आणि मी शोधलाही नाही. कुऱ्हाड लावली असती तर निदान आवाज झाला असता, गल्ली जमली असती, कोणीतरी मोबाईलवर शूटिंग काढलं असतं. तुम्ही कागद चिकटवून मारताय. तुमचं नाव मी लिहीत नाही. भीती आहे म्हणून नाही. नाव लिहिलं की तुमची बदली होते आणि खुर्चीवर आलेला नवीन माणूस म्हणतो, हे प्रकरण माझ्या काळातलं नाही. म्हणून नुसतं साहेब. खुर्चीत जो बसला असेल त्यानं स्वतःला समजून घ्यावं.

बाकीच्या वाचणाऱ्यांना वाटेल, कुठलं मोठं जंगल बुडालं. तर झाड दीड फुटाचं आहे. नांदेडला आमच्या घराच्या गच्चीवर, कुंडीत. मुळांनी कुंडी अशी भरलीय की पाणी घातलं तर आत जात नाही, काठावरून सांडतं. पानं पिवळी पडून गळून राहिलीत. इलाज माहीत आहे आणि सोपा आहे: झाड कुंडीतून काढायचं, मुळांचा गुंता कात्रीनं छाटायचा, नवी माती भरायची. हे काम मृगात करायचं असतं. मृग गेला. आर्द्रा चालू आहे. आणि माझ्या झाडाचं मूळ मी माझ्या कात्रीनं कापलं तर माझ्यावर गुन्हा दाखल होईल, असं तुमचा कागद म्हणतो. तो कागद झाडापेक्षा मोठा आहे, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

मी आयटीआयला मोटार रिवाइंडिंग शिकवतो. जळालेल्या मोटारीची जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, मोटार फिरली की पोरांना चहा पाजायचा, हे माझं आयुष्य. झाडाशी माझा संबंध एवढाच होता की चौकातल्या वडाखाली मी स्कूटर लावत असे. तो वड तुम्ही तोडला. रस्ता रुंद करायचा होता. सकाळच्या चहाला मशीन आलं आणि दुपारच्या चहाला सावली नव्हती. चहावाल्यानं त्याच दिवशी ताडपत्री बांधली आणि तिच्याखाली उभं राहून सगळे म्हणाले, विकास तर व्हायलाच पाहिजे. मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात वडाची लाकडं भरलेली ट्रॉली वळली आणि तिच्यातून एक ओंडका घरंगळत माझ्या पायाशी आला. मनगटापेक्षा जाड, मांडीपेक्षा बारीक, अंगावर एक वाळलेली पारंबी. ट्रॉलीवाला मागं बघायला तयार नव्हता. मी तो उचलला, स्कूटरवर पायाशी ठेवला आणि घरी आणला. का आणला हे मला त्या दिवशी कळलं नाही, आजही कळलेलं नाही. माझी बायको दिपाली सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गल्ली तिला सिस्टर म्हणते आणि मला सिस्टरचे मिस्टर. तिनं दार उघडलं, ओंडक्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय आणलंत? पेशंट का मयत?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी तो घमेल्यात उभा केला.

आता आमच्या गल्लीचा एक कायदा आहे. माणूस दवाखान्यात पडला तर बघायला दोघंच येतात, पण माणसानं काही नवीन सुरू केलं तर सल्ला द्यायला सगळे येतात. पहिले आले समोरचे हणमंतराव. यांची शेती लोह्याला, घर इथं, आणि जीव अर्ध्या रस्त्यात. "सर, वाळू-बिळू कशाला टाकायलाव? आमच्या रानातली काळी माती आणून देतो. नुस्तं थुकलं तरी उगवतंय." माती आणली. काळी माती रानात सोनं असेल, घमेल्यात ती पिसाळते. पाणी दिलं की फुगते, ऊन लागलं की आवळते. वैशाखात घमेलं असं फुटलं की समोरच्या घरात हणमंतरावांच्याच बायकोनं, केवळाबाईंनी, सिलेंडर फुटला म्हणून आरडा केला. दुसरे आले मल्लिनाथ सर. मूळचे देवणीचे, गणिताचे मास्तर, आता निवृत्त, पण निवृत्ती फक्त पगारापुरती. त्यांनी ओंडक्याभोवती चक्कर मारली आणि निकाल दिला, "गजभारे, तुम्ही हा उलटा लावलाय." पारंबी खाली लोंबते, म्हणून पारंबीचं टोक खाली, असं मी धरलं होतं. ते म्हणाले, पारंबी आडव्या फांदीतून निघते, तेव्हा ओंडका मुळात आडवा होता, वर-खाली हा प्रश्नच चूक आहे. मी ओंडका उपटून उलटा केला. संध्याकाळी हणमंतराव म्हणाले, आधीचंच बरोबर होतं. मी परत उलटा केला. शेवटी दोन्ही टोकांना कोंब आले. झाडाला आमच्यापेक्षा जास्त अक्कल होती. त्यानं वादात पडायचं नाही असं ठरवलं होतं.

त्याच सुमाराला कोणीतरी सांगितलं की लातूरला मृत्युंजय आप्पा म्हणून आहेत, बोन्सायमधले उस्ताद. आप्पांच्या गच्चीवर गेलो. तिथं चिंच, उंबर, बोर, सगळी खेड्यातली झाडं ताटाएवढ्या कुंड्यांत बसलेली, जणू पंगत. मी फोटो दाखवला. आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"काय करायलाव सर? झाड वाढवायलाव का लोणचं घालायलाव?"

"बोन्साय करायचंय, आप्पा. झाड बारीक करायचंय."

"इथंच चुकतात लोकं. झाड बारीक करायचं न्हाई, म्हातारं करायचं. जवान झाड, पण बघणाऱ्याला वाटलं पायजे की ह्येच्या सावलीला चार पिढ्या बसल्यात."

मग त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. फांदीला तार गुंडाळून वाकवायची. पानं खुडायची, म्हणजे नवी बारीक येतात. आणि मुळं कापायची. "ह्ये तिसरं लोकं इसरतात," ते म्हणाले. "वरून लाड करतात, खालून झाड गुदमरून मरतंय. मुळं कापली न्हाईत तर मला फोन करू नका, मी मौतीला येत न्हाई." साहेब, हे वाक्य तुम्ही परत एकदा वाचा. मी थांबतो.

तार गुंडाळणं म्हणजे माझ्या घरचंच काम. जळालेल्या मोटारींची तांब्याची तार भाजून मऊ केली आणि फांद्यांना अशी वाइंडिंग केली की आयटीआयचे साहेब बघते तर प्रमाणपत्र देते. पानं सगळी खुडली. तारांनी जखडलेलं नागडं झाड बघून दिपाली म्हणाली, "आता नुसती नळी लावायची राहिलीय." हणमंतरावांनी त्यांच्या बाल्कनीतून विचारलं, "सर, लाईट जोडायलाव का झाडाला?" मी उत्तर दिलं नाही. कलावंताला उत्तर देण्याची सक्ती नसते, असं मी तेव्हा मानत होतो.

आणि झाड आलं! काय आलं म्हणून सांगू. अंगठ्याच्या नखाएवढी तांबूस पानं, खोड बैलाच्या मानेसारखं, पारंबीला नवी मुळं फुटून ती मातीत घुसली. दोन-तीन पावसाळ्यांत चौकातला वड गच्चीवर येऊन बसला. मी आयटीआयहून आलो की बूट काढायच्या आधी वर जात असे. दिपालीनं एकदा विचारलं, "मी नागडी होऊन तारा गुंडाळून बसू का? मग तरी आधी इकडं बघाल."

मग तुमच्या महापालिकेची झाडांची मोजणी आली.

ऋतुजा नावाची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पिशवीत ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा. आमच्या गल्लीत मोजायला काय आहे? एक शेवगा, दोन अशोक, आणि कोणाच्या तरी बादलीतला कढीपत्ता. बिचारी उन्हानं लाल झाली होती. दिपालीनं तिला पाणी प्यायला वर बोलावलं. तिनं पाणी पिता पिता कुंडीकडे बघितलं आणि सहज विचारलं, "सर, हे झाड आहे का?"

साहेब, सगळं इथं बिघडलं. माझ्या इज्जतीला हात लागला.

"झाड आहे का म्हणजे? वड आहे! चौकातला वड आहे हा."

"कुंडीतलं मोजत नाहीत, सर."

"तुम्हाला कुंडी दिसते. मला वड दिसतो. लिहा."

"वय किती लिहू?"

आता तुम्हीच सांगा, काय सांगायला पाहिजे होतं? ओंडका ज्या वडाचा तो ऐंशीच्या पुढचा. फांदीचं वय झाडाचं वय असतं का नसतं? माझ्या बोटाचं वय माझ्याइतकंच आहे ना? मी म्हणालो, "ऐंशी." तिनं बटण दाबलं आणि टॅबवर हिरवी पट्टी आली: वारसा वृक्ष. पुढं उंची. दीड फूट लिहिलं तर टॅब घेईना. इतकं बुटकं झाड त्याच्या कल्पनेत नव्हतं. तिनं सूचना वाचून दाखवली, "जमिनीपासून शेंड्यापर्यंतची उंची नोंदवावी." मग दोघांनी मिळून गच्चीवरून टेप खाली सोडला. जमिनीपासून शेंड्यापर्यंत पस्तीस फूट भरलं. टॅब खूश झाला. ऋतुजा खूश झाली. मी तर इतका फुगलो होतो की तिला आंब्याची फोड दिली. तिनं खोडावर नंबर रंगवला. नंबर लांब, खोड बारीक. सुरुवातीचे आकडे समोरून दिसतात, बाकीचे वाचायला मागं जावं लागतं.

आमच्या गल्लीत ही बातमी गेली की गजभारे सरांचा वड सरकारी झाला. आणि चार दिवसांवर वटपौर्णिमा.

आमच्या घरात ही पौर्णिमा नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून ज्येष्ठ पौर्णिमेला आम्ही विहारात वंदनेला जातो आणि घरी खीर करतो, संपलं. दोरे, फेऱ्या, सात जन्म, या भानगडीवर मी चार ठिकाणी भाषणं केलेली आहेत. तर सकाळी दारात केवळाबाई. हिरवं लुगडं, हातात ताट, मागं गल्लीतल्या बाया. बाई कधी माझ्याशी तोंड वर करून बोलल्या नव्हत्या.

"सर, एक अर्ज हाय. चौकातला वड ग्येला. बाजारात फांद्या तोडून इकायलेत. तोडल्याल्या फांदीपाशी काय मागावं? तुमच्याकडं जिता हाय. आन त्योच हाय. माज्या सासूनं त्येलाच दोरा बांधला, म्याबी त्येलाच."

मी तोंड उघडलं. माझ्यापाशी तर्क होता, इतिहास होता, चार भाषणं पाठ होती. दिपाली आतून म्हणाली, "येऊ द्या ना वर. झाडानं काय तुमच्याबरोबर दीक्षा घेतलीय?"

वर गेल्यावर अडचण कळली. कुंडी कोपऱ्यात, एका बाजूला कठडा, एका बाजूला पाण्याची टाकी. फेरी मारायला वाट नाही. आणि जागा बदलली तर वडाची पानं गळतात, हे मला आप्पांनी बजावलेलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा साहेब, माझ्यातला आयटीआयचा निदेशक जागा झाला. तार गुंडाळायला सोपं जावं म्हणून जुन्या छतपंख्याच्या बेअरिंगवर मी कुंडीखाली एक फिरता पाट बनवला होता. मी म्हणालो, "तुम्ही फिरू नका. उभ्या राहा, दोरा धरा. झाड फिरेल." बायांच्यात जो आनंद पसरला तो मी आयुष्यात कुठल्या व्याख्यानात बघितला नाही. एकेक बाई दोऱ्याचं टोक धरून उभी, मी पाट फिरवतोय, सात वेळा, आणि दोरा असा सुरेख बसतोय की जणू पंपाची कॉइल. सगळ्या बाया उरकल्या. गुडघेदुखीवाल्या दोघींनी तर मला आशीर्वाद दिला. मी घाम पुसला. दिपाली जिन्यात बसून हसून हसून रडत होती, पण तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मल्लिनाथ सर बायकोला न्यायला वर आले. त्यांनी दोऱ्याकडे बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं.

"गजभारे, झाड कोणीकडं फिरवलं?"

"उजवीकडं. घड्याळासारखं. प्रदक्षिणा घड्याळासारखीच असते ना?"

"झाड घड्याळासारखं फिरलं, तर उभी बाई कोणीकडून फिरली?"

त्यांनी ताटातला स्टीलचा पेला उचलला, त्याला दोरा लावला, पेला उजवीकडं फिरवला, मग पेला ठेवून स्वतः त्याच्याभोवती फिरले. मी बघितलं. समजलं नाही. त्यांनी परत केलं. समजलं, आणि लगेच परत समजेनासं झालं. मी स्वतः पेल्याभोवती फिरलो. शेवटी शंका उरली नाही: सगळ्या बायांनी सातच्या सात फेऱ्या उलट्या मारल्या होत्या. म्हणजे मी मारायला लावल्या होत्या. आयुष्यभर पोरांना सांगत आलो की बाबांनो, वाइंडिंगची दिशा चुकली तर मोटार उलटी फिरते. आणि अख्ख्या गल्लीची वाइंडिंग मी उलटी केली.

केवळाबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजे आमी मागितलं काय?"

मल्लिनाथ सरांनी पेला हळूच ताटात परत ठेवला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच संध्याकाळी हणमंतराव जिन्यात घसरले. पायाला पट्टी बांधायला दिपालीच गेली. हणमंतराव कण्हत होते, "सिस्टर, खरं सांगा. उलट्या फेऱ्यांनी झालं ना?" दिपाली म्हणाली, "ही लिगामेंट आहे, पौर्णिमा नाही. जिन्यात पाणी सांडलेलं असताना चप्पल घालून कोण उतरलं?" पण गल्लीनं आपला निष्कर्ष काढून ठेवला होता. दुसऱ्याचा टायर फुटला, तिसऱ्याची साखर वाढली, सगळं माझ्या बेअरिंगवर. रस्त्यात नवरे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या विम्याचा वारसदार आहे.

सकाळी बाया परत वर. आता वाद असा की दोरा उलगडायचा, का त्याच्यावरच सुलटा गुंडाळायचा. मल्लिनाथ सर म्हणाले, उलट्या सात म्हणजे वजा सात. वर सुलट्या सात मारल्या तर बेरीज शून्य. कोणाला काहीच मिळणार नाही. फेऱ्या दुप्पट पाहिजेत. हे गणित बायांना लगेच पटलं, मला अजून पटलेलं नाही. मी डावीकडं पाट फिरवत राहिलो. दोऱ्याखाली झाड दिसेना. आणि शेवटच्या बाईच्या शेवटच्या फेरीला दोरा माझ्या तांब्याच्या तारेत अडकला, पाट पुढं गेला, फांदी मागं राहिली. कट्ट आवाज आला. करंगळीएवढी फांदी मोडली.

मोडलेली फांदी तशीच ठेवली तर सडते. मी कात्रीनं ती साफ कापली, चीक पुसला, हळद लावली. एवढंच केलं. समोरच्या बाल्कनीत हणमंतराव खुर्चीवर पाय ठेवून बसलेले. त्यांनी ते बघितलं आणि तुमच्या खात्याला फोन लावला: वारसा वृक्षाची फांदी तोडली.

मी जाब विचारायला गेलो. "हणमंतराव, इतकी वर्षं शेजार केला, आणि माझ्यावर तक्रार?"

"तुमच्यावर न्हाई, सर. आईशप्पत न्हाई. माज्या पायाच्या बाजूनं तकरार हाय. फेऱ्या उलट्या झाल्या तर येक तंगडी गेली. आता फांदीच तोडलाव म्हनल्यावर दुसरी ऱ्हाती का? सरकार मधी पडलं तर तुमी कात्री ठेवताल, म्हनून केलो."

मला राग यायला पाहिजे होता. पण माणूस खरोखर घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसावर रागावता येत नाही, हा माझ्या स्वभावातला मोठा दोष आहे. म्हणून सगळा राग तुमच्यासाठी शिल्लक ठेवलाय.

तुम्ही आलात. काय थाट होता! पुढं जीप, मागं उंच शिडीची गाडी, शिरस्त्राण घातलेली माणसं, लाकूड कापायचं मशीन. पस्तीस फुटी वारसा वड म्हणून नोंद, मग एवढा लवाजमा लागणारच. तुम्ही गल्लीत उभं राहून मान वर करून सगळीकडं बघितलं. मी म्हणालो, वर चला. गच्चीवर आलात आणि परत वर बघितलं. मी म्हणालो, खाली बघा. तुम्ही वाकलात, नंबर वाचला, उरलेला वाचायला मागं गेलात. मग सरळ झालात आणि तुम्ही जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"बाकीचं झाड कुठंय?"

"कुठलं बाकीचं?"

"नोंद पस्तीस फुटांची. इथं दीड फूट. वरचं सगळं कधी कापलं? लाकूड कोणाला दिलं?"

मी म्हणालो, "पस्तीस फुटांत माझं घर आहे, साहेब. घर वजा करा." तुम्ही म्हणालात, नोंदीत घराचा उल्लेख नाही. मी म्हणालो, झाड कुंडीतलं आहे. तुम्ही म्हणालात, नोंदीत कुंडीचा उल्लेख नाही. मी म्हणालो, "आणि खरंच बाकीचं झाड पाहिजे असेल तर ते तुम्हीच नेलंय, चौकातून, ट्रॉलीत घालून. मी फक्त पडलेलं उचललं." तुमच्या माणसानं ते वाक्य लिहून घेतलं. काय लिहिलं? "सदर इसमाने झाडाचा भाग उचलल्याचे कबूल केले."

मग तो कागद. निर्णय होईपर्यंत फांदी, पान, साल वा मूळ यांस इजा करण्यास मनाई. कोणाची हरकत असल्यास कळवावी. मी हात जोडले, कुंडीला चिकटवा, भिंतीला चिकटवा. तुमचा माणूस म्हणाला, नियमात झाडाला चिकटवा असं आहे. त्यानं खळ लावून कागद झाडाभोवती गुंडाळला. झाड आत, नोटीस बाहेर. वरून दोन पानं दिसत होती, लुंगीतून डोकं काढलेल्या म्हाताऱ्यासारखी. तुम्ही गेल्यावर दिपालीनं दवाखान्यातली चिकटपट्टी आणून कागद मागं ओढून बांधला, म्हणून थोडा उजेड आत जातो. हीही इजा धरायची असेल तर तिच्या नावावर धरा, ती तुम्हाला घाबरत नाही.

हरकती आल्या. हणमंतरावांची हरकत: पाय बरा होईपर्यंत कात्री लावू नये. मल्लिनाथ सरांची हरकत मोजणीच्या पद्धतीवर होती, ती कोणाला समजली नाही. केवळाबाईंनी अंगठा देऊन कळवलं की पुढच्या वर्षी हाच वड लागणार आहे, तो जिता ठेवावा. आणि एक हरकत दिपालीची. माझ्याच बायकोची. मला तुमच्या कार्यालयात कळलं.

घरी आलो. ती गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती.

"तू माझ्याविरुद्ध हरकत घेतलीस?"

"तुमच्याविरुद्ध नाही. कुंडीविरुद्ध."

"म्हणजे?"

"म्हणजे असं की, तुम्ही सांगत फिरता, वड वाचवला. मग त्याला मोठं का होऊ देत नाही? वर तार, खाली कात्री. आमच्या वॉर्डात पेशंट बरा झाला की आम्ही घरी सोडतो. तुम्ही ठेवूनच घेतलाय."

"अगं ही कला आहे!"

"असेल. मी नर्स आहे. मला एवढंच दिसतंय की तो श्वास घेईना."

मी आप्पांना फोन लावला. आप्पा म्हणाले, "आज कापा, सर. आजच. आर्द्रा संपली की मी मौतीला येत न्हाई." मी विचारलं, आणि जमिनीत लावला तर? ते म्हणाले, "लावा की. जमिनीत लावलाव तर माझा इद्यार्थी ग्येला, पर झाड ऱ्हाईल. पर जमिनीत लावतानाबी मुळं मोकळी करावीच लागतात. कात्री सुटत न्हाई."

रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत मी विचार केला. आणि सकाळी तुमच्याकडे आलो, आठवतं? म्हणालो, बोन्साय गेला चुलीत, मला हा वड चौकात लावू द्या, नव्या रस्त्याच्या कडेला, पाणी मी घालीन, दोरा केवळाबाई बांधतील. तुम्ही कॉम्प्युटरमध्ये बघितलंत आणि म्हणालात, पस्तीस फुटी वारसा वृक्ष हलवायचा तर मोठं यंत्र लागेल, तेवढा खड्डा रस्त्याच्या कडेला देता येणार नाही, समिती बसेल. मी तळहातानं उंची दाखवली. तुम्ही तळहाताकडे बघितलंच नाही.

आता माझं डोकं चालत नाही, साहेब. मोटार जळाली तर मला वासानं कळतं कुठली कॉइल गेली. इथं काही कळेना. ठेवावा तर दिपाली म्हणते कोंडलाय. सोडावा तर तुम्ही म्हणता जागा नाही. मी राखणदार आहे का जेलर आहे, तेही मला सांगता येत नाही. ज्यांनी अख्खा वड कापला त्यांना एक कागद लागला नाही, आणि ज्यानं तुकडा उचलला तो आरोपी, इथपर्यंत मी समजू शकतो. हा देश मी बघितलेला आहे. पण कापलं तर जगतं आणि नाही कापलं तर मरतं, अशा झाडाला तुमच्या कायद्यात काय म्हणतात, हे मला कोणी सांगेना.

सकाळपासून अजून पानं गळली. मी कात्री उकळत्या पाण्यातून काढून पुसून ठेवलीय. दिपालीनं सुट्टी टाकलीय. केवळाबाई पाण्याची बादली घेऊन जिन्यात बसल्यात, आणि हणमंतराव लंगडत वर आलेत, म्हणतात, "माज्या पायाचं बगू सर, तुमी झाडाचं बगा."

मी मुळं कापू का नको? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणायचं असेल तर वर येऊन या बायांच्या समोर म्हणा. पण 'विचाराधीन' म्हणू नका. मुळांना ते समजत नाही. बोला.